चौकशी खिडकीतला काता

परभणी जिल्ह्यात माझ्याइतका बिनचूक काता करणारा दुसरा माणूस असेल, तर त्यानं माझ्यासमोर यावं! येणार नाही. कारण तो नाहीच. हे मी अगदी नम्रपणानं सांगतोय.

आता काता म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर आमच्या मेव्हण्यासारखं तुम्हीही ‘पानाला लावतात तो का?’ म्हणून विचाराल. काता हा कराटेतला प्रकार. समोर कुणी नसतं, पण आहे असं धरून लढायचं. डावीकडून एकजण आला, त्याचा वार अडवा, ठोसा द्या. पाठीमागून दुसरा आला, वळा, त्यालाही द्या. सगळं ठरलेलं! पाय कुठं टाकायचा, मूठ कुठं थांबवायची, मान कधी वळवायची. मध्ये ठरलेल्या जागी पोटातून आरोळी ठोकायची आणि जिथून निघालात तिथंच येऊन थांबायचं. म्हणजे एसटीची फेरीच की! म्हणून तर मला ते पहिल्या दिवसापासून पटलं.

मी नागनाथ. एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. लोक कंट्रोलर म्हणतात. स्टँडवरच्या चौकशी खिडकीमागं बसून माईकवरून ‘अमुक ठिकाणी जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे’ असं सांगणारा आवाज असतो ना, तो मी. कोणतं स्टँड ते सांगणार नाही, उगाच खात्याची बेअब्रू नको. इथून सोनपेठलाही गाडी जाते आणि पूर्णेलाही, एवढं तुम्हाला पुरे.

डॉक्टरनं शुगर शोधून काढली आणि बायकोनं, ईश्वरीनं, बबिता मॅडमचा क्लास शोधून काढला. बबिता मॅडम शाळेत खेळाच्या शिक्षिका. काळा पट्टा. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण शिस्त अशी की त्यांनी ‘थांब’ म्हटलं तर मैदानावरचं कुत्रंसुद्धा एक पाय वर धरून थांबतं! रोज सकाळी शाळेच्या मैदानावर क्लास. मी एक दिवस चुकवला नाही. पहिला काता असा पाठ केला की झोपेत उठवा, करून दाखवतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मला दुर्बुद्धी सुचली आणि मी साडूला क्लासला घेऊन गेलो.

माझा साडू म्हणजे विरेश. सबमर्सिबल पंपाचं दुकान आहे त्याचं. माणूस वाईट नाही, पण त्याला डावं-उजवं कळत नाही. खरंच कळत नाही! आख्खा क्लास डावीकडं वळला की हा उजवीकडं वळतो आणि शेजारच्याच्या नाकाशी नाक लावून उभा राहतो. पायाचा पत्ता नाही, मुठीचा पत्ता नाही. जिथं आठवत नाही तिथं मनाचंच काहीतरी ठोकून देतो. एकदा तर बोअरमधून पाइप ओढतात तसे हात केले! आणि आरोळी? आरोळी अशी की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं त्यानंतर पूर्णेलाच उतरली असतील!

आणि मॅडम काय म्हणाल्या असतील?

“वा, विरेशभाऊ! लय भारी! बघा रे सगळे, जीव बघा कात्यात!”

जीव! मी हात वर केला.

“मॅडम, पण पाय चुकला त्यांचा.”

“पाय काय अप्पा, उद्या सुधारल.”

“उजवीकडं गेले ते!”

“पण मनापासून गेले ना!”

सांगा! माझी गाडी सोनपेठऐवजी पूर्णेला गेली आणि ड्रायव्हर म्हणाला ‘मनापासून गेलो’, तर चालेल का?

मग मॅडमनी मला एकट्याला पुढं बोलावलं. मी काता केला. चूक काढायला जागा नव्हती. मॅडम माझ्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या,

“अप्पा, काता बरोबर हाय. पण त्यात तुमी न्हाईत.”

“मी न्हाई तर कोण हाय? आत्ता केला तो कुणी केला?”

“हात-पाय तुमचे होते. पण तुमी कुठं दिसला न्हाईत. अन् ती आरोळी! ‘ह्या’ असं म्हणता, जसं काय फलाटावर गाडी लागलीय!”

आख्खा क्लास हसला. विरेश तर गुडघ्यावर हात ठेवून हसला.

“रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा हाय,” मॅडम म्हणाल्या. “असंच केलं तर पट्टा मिळायचा न्हाई. काता सगळ्यांचा एकच असला तरी परत्येकानं तो आपला करावा लागतो. विरेशभाऊंचं काम झाल्यातच जमा हाय.”

विरेशला पट्टा आणि मला नाही! तुम्हाला साडू असेल तर पुढचं काही सांगायची गरज नाही. नसेल तर एवढंच ध्यानात घ्या की आमच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत आणि रोज दुपारी फोनवर बोलतात.

“मग करू काय मी?” मी विचारलं.

“सोपं हाय. तुमाला खराखुरा राग कुणाचा येतो? त्याला समोर आणा. त्याच्याशी बोला. अन् मग मारा!”

राग! अहो, मी चौकशीच्या खिडकीत बसणारा माणूस! मला राग कुणाचा येतो असं विचारण्यापेक्षा कुणाचा येत नाही ते विचारायला पाहिजे होतं!

त्याच दिवशी दुपारी मी सोनपेठच्या गाडीची घोषणा केली, खिडकीची फळी लावली, ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी अडकवली आणि दाराला आतून कडी घातली. काचांवर आतून वेळापत्रकं चिकटवलेली आहेत, त्यामुळं बाहेरून काही दिसत नाही. बूट काढले, शर्ट मोकळा सोडला, खुर्ची कोपऱ्यात सरकवली. डोळे मिटून एकेकाला समोर उभं केलं. काय सांगू, रांगच लागली!

“या!” मी म्हणालो. “कोण कोण हाय, या पुढं!”

डावीकडून पहिला आला. “आत्ताच सांगितलं ना फलाट दोनवर? तोंड बंद व्हायच्या आत परत विचारतोस? हे घे! ह्याऽऽ!”

अहो, काय आवाज निघाला! खोलीभर घुमला. नुसता खोलीत नाही, बाहेरूनही घुमल्यासारखा वाटला, छपरावरून, भिंतींतून! माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, मॅडम म्हणतात तो जीव हाच!

मग काय, मी सुटलो!

“बोर्डाला टेकून उभा राहतोस अन् बोर्ड कुठं हाय म्हणतोस? घे! पळतोस कुठं? हो मागं! मागं सरक! अजून! अजून मागं!”

वळलो. समोर ईश्वरी. “सकाळ-सकाळ कारल्याचा रस पाजतीस व्हय? बाजूला हो, मधी येऊ नको!” बायकोला मी नुसतं अडवलं, हात उगारला नाही. पुढं लोकांनी काय वाट्टेल ते उठवलं, म्हणून हे इथं स्पष्ट सांगतो!

“विरेश! डावं-उजवं कळत न्हाई अन् छाती काढून चालतोस! हे घे! अन् हे घे!”

आणि शेवटी पाठीमागून आले आमचे डेपो मॅनेजर, चंद्रभान साहेब. दिवाळीत सुट्टी मागितली, नाही. भाचीच्या लग्नाला मागितली, नाही.

“चंद्रभान! तू! आज तुला सोडत न्हाई! ह्याऽऽऽऽ!”

थांबलो. घाम गळत होता. अगदी तृप्त वाटलं. आणि तेवढ्यात टेबलावर नजर गेली. माईकचा तांबडा दिवा चालू होता.

सोनपेठची घोषणा केल्यावर मी बटण बंदच केलं नव्हतं!

आता बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सोनपेठच्या गाडीवर बालाजी ड्रायव्हर होता. गुणी माणूस, सांगितलेलं ऐकतो. आमच्याकडं गाडी फलाटाला तोंड करून लावतात आणि निघताना मागं घेतात. बालाजी सीटवर बसतो न बसतो तोच भोंग्यातून कंट्रोलरचा हुकूम आला, ‘हो मागं! मागं सरक! अजून! अजून मागं!’ त्यानं घेतली मागं. अजून म्हटलं म्हणून अजून घेतली. पटांगण ओलांडून गाडी थेट रसवंतीला जाऊन टेकली. कुणाला काही झालं नाही. पण उसाच्या मोळ्या आडव्या झाल्या, चरकाची घुंगरं तुटली आणि मागच्या सीटवरच्या सुलाबाई खिडकीतून ओरडायला लागल्या, “अरं, आत कुणाला तरी मारायलेत! सोडवा त्येला!”

लोक माझ्या दाराकडं धावले. मी कडी काढली आणि त्याच क्षणी त्यांनी दार आत ढकललं. मी दाराच्या मागं! आठ-दहा माणसं आत घुसली.

“कुठं हाय?”

“कोण?” मी दारामागून विचारलं.

“ज्येला मारलं त्यो!”

“कुणी न्हाई हो! मी एकटाच हाय.”

“मग मारलं कुणाला?” एकजण टेबलाखाली वाकून बघायला लागला. दुसऱ्यानं कपाट उघडलं. कपाटात माझा डबा होता. तोही त्यानं उघडून बघितला! डब्यात माणूस मावतो का? पण त्या वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

“चंद्रभान साहेबाला मारलं!” दारातून कुणीतरी ओरडलं. “नाव घेऊन मारलं, मी ऐकलं!”

साहेब दिसत नव्हते हे खरं होतं. कारण भोंग्यातून ‘चंद्रभान, आज तुला सोडत न्हाई’ हे ऐकल्याबरोबर त्यांनी स्वतःला केबिनमध्ये कोंडून घेतलं होतं! पण लोकांना वाटलं, संपले. कुणीतरी ईश्वरीला फोन करून भोंग्यातून ऐकलेलं सगळं सांगितलं, वर तुमच्या मालकानं साहेबाला उडवलं म्हणून. विरेशच्या स्कूटरवर मागं बसून ती आली. आल्या आल्या मला म्हणाली,

“कारल्याचा रस तुमच्या तब्येतीसाठी देते ना मी? आख्ख्या स्टँडला सांगायचं होतं का?”

म्हणजे साहेबाचं काय झालं ते राहू द्या, हिला रसाचं लागलं!

शेवटी लोकांनी ‘साहेब, जिवंत हाव का’ म्हणून दारावर थापा मारल्या, तेव्हा चंद्रभान साहेब बाहेर आले. केस विंचरलेले, चेहरा पांढरा. फलाटावर खुर्ची टाकून बसले. भोवती सगळी जत्रा.

“नागनाथ, काय प्रकार हाय हा?”

“साहेब, कराटेचा सराव करायलो होतो. काता म्हणतात त्याला. माईक चुकून चालू राहिला.”

“सराव?” साहेबांनी भुवया वर केल्या. “मग करून दाखवा.”

मी उभा राहिलो. चारीकडं प्रवासी, समोर साहेब, बाजूला बायको आणि साडू. पण काता पाठ होता. केला. पाय जिथल्या तिथं, मूठ जिथल्या तिथं. आरोळीच्या जागी ‘ह्या’ म्हणालो.

साहेबांनी मान हलवली. “हे ते न्हाई.”

“हेच हाय साहेब.”

“अहो, मी केबिनमधी ऐकलं ना! माझ्या टेबलावरचा ग्लास हलला! तुमच्या ह्यानं काय हलणार? खरं बोला, आत कोण होतं?”

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बबिता मॅडम आल्या. शाळा स्टँडला लागूनच आहे. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. मला धीर आला. म्हटलं, आल्या बाई, आता सांगतील माझ्या बाजूनं.

“कोण होतं ते?” मॅडम धापा टाकत म्हणाल्या. “आरोळी मैदानापर्यंत आली! असला जीव सहसा ऐकायला मिळत न्हाई. म्हटलं, कोण गुणी माणूस हाय बघावं!”

“हे म्हणतात, मी होतो,” साहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आणि हसल्या! “अप्पा? न्हाई हो साहेब! अप्पांना मी रोज बघते. त्यांच्यात न्हाई तेवढा जीव.”

माझ्या गुरूनं, आख्ख्या स्टँडसमोर, अशी साक्ष दिली!

आता जरा नीट बघा, काय झालं होतं ते. मी सुटलो होतो! साहेबांना पटलं होतं की तो मी नव्हेच. लोक म्हणायला लागले, दुसराच कुणीतरी आत शिरला, माईकवर ओरडला आणि मागच्या खिडकीतून पळाला. बालाजी तर त्याला शोधायला मुतारीकडं पळालासुद्धा. नोकरी वाचली होती, अब्रू वाचली होती. ईश्वरीनं माझी बाही ओढली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, “गप बसा. बिलकुल बोलू नका.”

आणि मी गप बसलोही असतो. देवाशपथ बसलो असतो! पण मॅडम विचार करत म्हणाल्या,

“अशी आरोळी आपल्या गावात एकाच माणसाची हाय. विरेशभाऊ, तुमी तर नव्हता ना?”

सगळ्यांच्या माना विरेशकडं वळल्या. लोकांच्या नजरेत कौतुक! आणि विरेशनं काय करावं? ‘मी दुकानात होतो’ म्हणून सांगावं की नाही? तो खाली बघून लाजला! लाजला हो! आणि म्हणाला,

“आता मी काय बोलावं, मॅडम!”

माझी आरोळी! माझ्या पोटातून, माझ्या रागातून, माझ्या शुगरच्या देहातून निघालेली आरोळी, आणि लाजतोय हा!

मला पुढचं नीट आठवत नाही. ईश्वरीच्या हातातून बाही सुटली, एवढं आठवतं.

“विरेश!” मी गरजलो. “तुझी आरोळी? तुझी? हे घे! ह्याऽऽऽ!” तो मागं सरकला आणि सुलाबाईंच्या गाठोड्यावर बसला. मी वळलो. “मॅडम! माझ्यात जीव न्हाई? मग हे काय हाय? हे घ्या!” वळलो. मुतारीकडून बालाजी परत येत होता. “बालाजी! मागं म्हटलं तर रसवंतीत जातोस? घे!” लोक भराभरा मागं सरकत होते, फलाट मोकळा होत होता आणि मी त्या मोकळ्या फलाटावर गरगर फिरत होतो. मूठ सुटत होती ती थेट काळजातून! “अन् चंद्रभान साहेब! भाचीचं लग्न एकदाच होतं, साहेब! एकदाच! ह्याऽऽऽऽऽऽ!”

साहेबांच्या नाकापासून दोन बोटांवर माझी मूठ थांबली.

मग टाळ्या वाजल्या. मॅडम वाजवत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“अप्पा! हेच! हेच पाहिजे होतं! आज काता तुमचा झाला!”

अख्ख्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या. रसवंतीवाल्यानं शिट्टी मारली, आणि त्याचं तर मी नुकसान केलं होतं! छाती भरून आली. मी वाकून नमस्कार केला.

चंद्रभान साहेबांनी माझी मूठ हळूच बाजूला केली, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले,

“खात्री पटली. तुमीच होता.”

“तेच तर सांगायलो साहेब!” मी अभिमानानं म्हणालो.

“उद्या सकाळी लेखी खुलासा द्या.”

ईश्वरीनं कपाळाला हात लावला.

खुलाशाचं पुढं काय झालं ते सांगत बसत नाही. माईक माझ्याकडून काढून घेतला आणि मला पास काढायच्या खिडकीवर बसवलं. रसवंतीची घुंगरं मी स्वतः बसून बांधून दिली. साहेब अजूनही माझ्याशी बोलताना मध्ये टेबल ठेवतात.

पण मला त्याचं काही नव्हतं. रविवार यायचा होता ना! रविवारी मी पांढरा ड्रेस कडक इस्त्री करून मैदानावर गेलो. विरेशनं काता केला, दोनदा उजवीकडं गेला आणि त्याला पट्टा मिळाला. मग मॅडम म्हणाल्या, “अप्पा, आता तुमी. फलाटावर केला तस्साच!”

मी डोळे मिटले. साहेबांना बोलावलं. आले, पण त्यांचा तो पांढरा चेहरा आठवला आणि दयाच आली. विरेशला बोलावलं. तो गाठोड्यावर बसलेला दिसला आणि मला हसू फुटलं. प्रवाशांना बोलावलं. त्यांनी तर टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांना काय मारणार? अहो, राग येईना! इतकी वर्षं न बोलावता यायचा, आणि त्या दिवशी गरज होती तर आलाच नाही! मी बिनचूक काता केला आणि ‘ह्या’ म्हणालो.

“पुढच्या खेपेला बघू अप्पा,” मॅडम म्हणाल्या.

घरी येईपर्यंत असा भडकलो म्हणता! पण आता काय उपयोग, परीक्षा संपली होती.

हल्ली ईश्वरीही क्लासला यायला लागलीय. फलाटावरचं बघून तिला वाटलं, आपणही शिकावं. मॅडम म्हणतात, ताईंचा पहिल्या दिवसापासून काय जीव आहे! परवा सकाळी अंगणातून दणदण आवाज आला म्हणून मी दार किलकिलं करून पाहिलं. ती एकटीच सराव करत होती. पदर खोचलेला, डोळे लाल. पाय सगळे चुकत होते. एकूण एक पाय!

मी दार हळूच लावून घेतलं. समोर तिनं कुणाला उभं केलं होतं ते विचारायला गेलो नाही, कारल्याचा रस तेवढा निमूट पिऊन टाकला.